तिळाचा पाट

गॅरेजमध्ये नवरा प्लायवूड कापत होता आणि मी व्हिडिओ कॉलवर आईला ते दाखवत होते. दोन फूट बाय दोन फुटांची फळी, खाली चार इंच उंचीची लाकडी चौकट, वर जुन्या गालिच्याचा तुकडा ताणून स्टेपल केलेला. कडांवर हात फिरवून तो कुसळं घासून काढत होता, कारण यावर बसणाऱ्याचे तळवे अनवाणी असणार होते.

"काय ठोकताय गं एवढं?" आईनं विचारलं.

"कुत्र्याला बसायला."

आई फोनच्या इतकी जवळ आली की मला नुसतं कपाळ आणि चष्म्याची कड दिसायला लागली. "अगं, मग पाट म्हण की सरळ."

इंग्रजीत त्याला प्लेस बोर्ड म्हणतात. आमच्या घरातून ते नाव त्या दिवशी गेलं ते गेलंच. आता "पाट" म्हटलं की आमचा काळा लॅब्रॅडॉर असेल तिथून धावत येतो, चारही पाय फळीवर ठेवतो आणि ठाण मांडून बसतो.

त्याचं नाव तीळ. संक्रांतीच्या आठवड्यात घरी आला, काळाभोर होता, आणि त्या वेळी मुठीत मावेल असं वाटायचं. इथं इंग्लंडात, श्रॉपशरमध्ये कोणाला 'ळ' म्हणता येणार? त्यांचा झाला टील. टील हे एका लहानशा रानबदकाचं इंग्रजी नाव आहे, आणि शिकारी कुत्र्यांना पक्ष्यांची नावं देण्याची इकडे जुनी हौस. त्यामुळे भेटणारा प्रत्येक जण "वा, काय शोभेसं नाव!" म्हणतो. पहिले काही महिने मी खुलासा करत असे. पुढे सोडून दिलं.

पुण्यात लॅब्रॅडॉर म्हणजे सोसायटीतला गोलमटोल गृहस्थ. लिफ्टची वाट बघणारा, दूधवाल्याला ओळखणारा, दिवाळीत पलंगाखाली जाणारा. त्याच्या पूर्ण नावात 'रिट्रीव्हर' आहे, म्हणजे आणून देणारा, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे पाण्यात पोहणारे कुत्रे. ते जहाजांबरोबर इंग्लंडात आले, इथल्या जमीनदारांनी त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली, आणि १९०३ मध्ये इथल्या केनेल क्लबनं ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. पडलेला पक्षी हुडकायचा, दात न लावता उचलायचा आणि धन्याच्या हातात द्यायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आपल्याकडचे शिकारी कुत्रे वेगळ्या घडणीचे. कारवानी घ्या, मुधोळ घ्या. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, नजर क्षितिजावर. ससा दिसला की सुटायचं आणि आपणच पकडायचं. त्यांचं काम धावण्यापासून सुरू होतं. मुधोळला "मी सांगेपर्यंत इथं बस" असं सांगणं म्हणजे पैलवानाला आखाड्याबाहेर टाळ वाजवायला बसवण्यासारखं आहे. रिट्रीव्हरचं काम मात्र सुरूच होतं ते बसण्यापासून. बंदुका वाजताहेत, डोळ्यांसमोर पक्षी पडताहेत, आणि हा बसलाय. कोणता कुठं पडला ते लक्षात ठेवत बसलाय.

आमच्या घरात ना बंदूक, ना मांसाहार. मग हे खूळ कशाला, असं विचाराल तर उत्तर असं की तीळ आठ महिन्यांचा झाला तेव्हा घरातली एकही वस्तू जागेवर राहीना. मोजे, रिमोट, शेजाऱ्यांचा बागकामाचा हातमोजा, एकदा तर कणीक मळायची अख्खी परात. फाडत काही नव्हता. तोंडात धरायचा, सगळ्या घरातून मिरवायचा आणि आपण मागे लागलो की धूम ठोकायचा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला नोकरी नाहीये, म्हणून हा असा वागतोय. त्यांनीच एका बाईंचा पत्ता दिला, ज्या शनिवारी सकाळी एका मेंढपाळाच्या शेतात शिकारी कुत्र्यांचे वर्ग घेतात. तिथं पक्षी नसतात. कॅनव्हासची, साधारण अर्ध्या किलोची लांबट उशी असते. तिला डमी म्हणतात.

पहिल्या दिवशी बाईंनी डमीला हातही लावू दिला नाही. गवतावर एक पाट टाकला आणि म्हणाल्या, कुत्र्याला वर घ्या. चारही पाय वर आले की दोन पुढच्या पंजांच्या मधोमध खाऊचा तुकडा ठेवा. हातातून भरवायचा नाही. हातातून दिला तर त्याची मान हाताच्या मागे जाते, मानेमागे खांदे, खांद्यांमागे सगळा कुत्रा. पंजांमध्ये ठेवलं की त्याला कळतं, जे काही चांगलं घडतं ते इथं, या फळीवर घडतं. तासभर आम्ही एवढंच केलं. मी मनात म्हटलं, वीस पौंड देऊन कुत्र्याला पाटावर बसवायला शिकतेय.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात कळली. कुत्र्याला जमिनीवर "बस" म्हटलं तर तो बसतो. मग पुढचा एक पाय वीतभर सरकतो. मग बूड. मग दुसरा पाय. आपल्या लक्षात येईपर्यंत स्वारी हातभर पुढे, आणि त्याच्या हिशेबी तो अजून बसलेलाच आहे! आपण ओरडतो तेव्हा त्याला कळतच नाही की गुन्हा नेमका कोणता. गवताला कड नसते. पाटाला असते. पंजा कडेवरून खाली उतरला की ते आधी त्याला कळतं, मग आपल्याला. मी पाहिलंय, डमी उडाली की तिळाचा उजवा पंजा कडेपर्यंत जातो, नखं गालिच्यात रुततात, बोटं कडेवर वाकतात आणि पंजा पुन्हा आत येतो. त्या अर्ध्या सेकंदात त्याला कोणीच काही सांगितलेलं नसतं.

सांगितलेलं नसतं हे मी आता म्हणतेय. तेव्हा मी अखंड बडबडत होते. "बस. बस हं. शहाणा. बस म्हटलं ना! हलायचं नाही. बस, बस, बस." शिवाय बोलता बोलता त्याच्याकडे एकेक पाऊल सरकत होते. बाईंनी दोन आठवडे हे चालू दिलं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी गाडीतून दुसरा पाट काढला, दहा पावलांवर टाकला आणि मला म्हणाल्या, "हा तुमचा. यावर उभ्या राहा. उतरायचं नाही आणि बोलायचं नाही."

पाच कुत्रेवाले बघत होते. मी चिखलाळ बूट घेऊन पाटावर चढले. समोरच्या पाटावर तीळ. बाईंनी आमच्या दोघांच्या मधून डमी फेकली. तो हलला नाही, पण माझा डावा पाय खाली उतरला.

कोणी हसलं नाही. इंग्रज अशा वेळी आकाशाकडे बघतात.

त्या रात्री मला सांगलीचं आजोळ आठवलं. गणपतीतली पंगत. पितळी फुल्या ठोकलेले सागवानी पाट ओळीनं मांडलेले, समोर ताटं, ताटांभोवती रांगोळी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला. भाजी उजव्या हाताला. भाताची मूद, वर वरण. मग वाढप्या जिलबी घेऊन यायचा आणि ती ताटात पडायची, पाकासकट, गरम. पण खायचं नाही. अजून तूप यायचंय. मग आजोबा ताटाभोवती पाणी फिरवणार, चित्राहुती घालणार. मग श्लोक. तोपर्यंत हात मांडीवर. जेवून झालं तरी उठायचं नाही, कारण आजोबांचे दात गेलेले आणि ते मठ्ठा घोटाघोटानं पीत. पंगत एकदम उठायची. आम्ही सात-आठ पोरं होतो, एरवी घर डोक्यावर घेणारी. पण "थांबा" असं आम्हाला कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पाटावर बसलो की ते आलंच.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड मिटलं. म्हणजे प्रयत्न केला.

पुढचे महिने पाटांच्या वेगवेगळ्या मांडण्यांत गेले, आणि यातलं बरंचसं वाचायला कंटाळवाणं आहे, त्यामुळे थोडक्यात. एक पाट मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे. कुत्रा मधल्यावर, तोंड आपल्याकडे. उजवा हात आडवा केला की त्यानं त्या बाजूच्या पाटावर जायचं, हात सरळ वर नेला की मागच्या. वाटेत शिट्टीचा एक लांब सूर दिला की असेल तिथं वळून बसायचं. शिट्टी बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कंपनीची, नंबर २१०½. एका नंबरच्या सगळ्या शिट्ट्या एकाच सुरात वाजतात, त्यामुळे हरवली तर त्याच नंबरची आणायची, कुत्र्याला फरक कळत नाही. मी आत्तापर्यंत तीन हरवल्या. पुढे पाटांच्या जागी डमी येतात आणि डोळ्यांआड, झुडपात पडलेल्या वस्तूकडे कुत्र्याला नुसत्या हातवाऱ्यांनी नेता येतं. पहिल्यांदा जमतं तेव्हा अंगावर काटा येतो, हे खरं.

आणखी एक फायदा मला अजिबात अपेक्षित नव्हता. आणलेली वस्तू घेऊन मिरवण्याची तिळाची जुनी खोड पाटानं गेली. बाईंनी मला पाटाच्या मागे उभं केलं. डमी घेऊन परत येताना त्याला समोर आपली जागा दिसली, तो सरळ तिच्यावर चढला, बसला, तोंड वर केलं. मी दोन्ही हातांनी डमी घेतली. गेले चार महिने ज्याच्यासाठी मी शेतभर पळत होते ते काम चार इंच उंचीवर मिटलं.

पण सगळ्यात अवघड धडा डमीचा नाहीच. दोन कुत्री, दोन पाट. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं बघायचं. दुसऱ्याची डमी पडतेय, दुसरा धावतोय, दुसऱ्याला शाबासकी मिळतेय, आणि आपण नुसतं बसायचं. पहिल्यांदा तिळाच्या घशातून असा काही आवाज आला की मला वाटलं याला काहीतरी झालं. बाईंचा नियम असा की फेकलेल्या डमींपैकी निम्म्या तरी आपण स्वतः चालत जाऊन उचलायच्या. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच, असं कुत्र्याला वाटू लागलं की संपलं. मला हे माणसांच्या बाबतीतही... असो.

आता पाटाविरुद्ध थोडं. हल्ली मोबाइल उघडावा तर जो तो आपला कुत्रा कशावर तरी बसवून फोटो टाकतोय. पाटावर, पिंपावर, दगडावर, झाडाच्या खोडावर. कुत्रा फोटोत देखणा दिसतो, कबूल. पण पाट ही कुबडी आहे आणि ती लवकर सवयीची होते. अमेरिकेत अर्कान्सासच्या पाण्याखाली गेलेल्या जंगलांत बदकांची शिकार चालते. तिथं कुत्र्याला बसायला कोरडी जमीनच नसते, म्हणून झाडाच्या खोडाला फळी अडकवतात आणि कुत्रा तासन्‌तास तिच्यावर वाट बघतो. तिथं पाट हे शिकवण्याचं साधन आणि कामाची जागा दोन्ही आहे. इंग्लंडात तसं नाही. इथं कुत्रा बसणार ओल्या गवतात, नांगरटीत, चिखलात. इथं पाट एक दिवस जायलाच हवा, आणि मी ते लांबणीवर टाकत होते, कारण पाटावरचा तीळ फार गुणी होता आणि मला ते आवडत होतं.

त्याची शिक्षा उन्हाळ्यात मिळाली. डमींवरची एक छोटी स्पर्धा होती. बऱ्यापैकी लांबवर तीळ निघाला, मी शिट्टी वाजवली. तो थांबला, वळला, खाली बघितलं. गवत. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग चेहरा उजळून तीरासारखा सुटला तो बघ्यांमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या चटईवर जाऊन बसला. सँडविचेस आणि थर्मासच्या मधोमध. पाठ ताठ, नजर माझ्यावर. परीक्षकानं वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

त्यानंतर पाट उतरणीला लागला. आधी खालची चौकट काढली, राहिली नुसती फळी. पावसात ती निसरडी व्हायची म्हणून घोड्यांच्या तबेल्यात घालतात तसलं रबर कापून घेतलं. मग नुसतं रबर. मग त्याचा ताटाएवढा तुकडा, मग वाटीएवढा. शेवटी शेवटी मी खिशातून तळहाताएवढा काळा तुकडा काढून गवतात टाकत असे आणि तीळ त्यावर अगदी काटेकोरपणे बूड टेकवत असे, एखाद्या सोवळ्यातल्या म्हाताऱ्यासारखा. एक दिवस तो तुकडा टाकायला मी विसरले. तो बसला.

नोव्हेंबरात आई सहा महिन्यांसाठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा, आणि चंपाषष्ठीला रोडगा-भरीत झाल्याशिवाय तिला चैन पडत नाही. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, त्यामुळे त्या दिवशी कुत्र्याला घास घालायचा. पुण्यात ती त्यासाठी पान घेऊन खाली कोपऱ्यापर्यंत जायची. इथं कुत्रा घरातच. तळी भरून झाली, "सदानंदाचा येळकोट" झालं, आईनं तिळाच्या काळ्या कपाळावर भंडारा लावला. कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो म्हणून भरीत नाही, नुसता रोडगा, तूप लावून. नैवेद्य जमिनीवर कसा ठेवायचा म्हणून तिनं गॅरेजमधून जुना, चौकटीचा पाट पुसून आणायला लावला. तीळ आपण होऊन वर चढला आणि बसला. तिनं त्याच्या पंजांपुढे रोडगा ठेवला, हात जोडले.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून आवाज यायला लागला. "खा रे. खा की. खा, बाळा. अरे, तुझाच आहे."

मग थोडा वेळ शांतता. मग, "अगं, याचा उपास आहे का आज?"

मी दारात आले. तिळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार थेट पाटापर्यंत आली होती. मान ताठ, भंडारा नाकापर्यंत ओघळलेला. डोळे आळीपाळीनं रोडग्यावर आणि दारावर. मी म्हटलं, "घे." रोडगा दिसेनासा झाला.

"तू म्हटल्याशिवाय खात नाही?"

"पाटावर नाही. आपण नाही का थांबायचो, आजोबांची चित्राहुती होईपर्यंत?"

आईनं पदराला हात पुसले. "थांबायचीस कुठली! जिलबीचा तुकडा मोडून पटकन तोंडात टाकायचीस आणि गाल आत ओढून बसायचीस. आजोबांनाही दिसायचं. म्हणून तर ते श्लोक भराभर म्हणायचे."

जानेवारीत आम्ही पहिल्यांदा खऱ्या हाक्याला गेलो. इथं फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. बंदूकवाले आठ, ओळीत आपापल्या खुंटीपाशी. समोरच्या रानातून हाकारे येतात, पक्षी उठतात. आम्ही, म्हणजे पडलेले पक्षी गोळा करणारे, ओळीच्या बरेच मागे. हजारोंनी पाळून सोडलेले पक्षी हौसेखातर पाडायचे, हे मला पटतं का? नाही पटत. जखमी होऊन काट्यांत शिरलेला पक्षी तसाच रात्रभर राहू नये, तो कोणीतरी शोधून काढावा, हे पटतं. या दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी मी रबरी बूट घालून उभी होते. त्या दिवसाबद्दल माझ्याकडे याहून चांगलं काही नाही.

तीळ माझ्या डाव्या बाजूला गवतात, पट्टा काढलेला. पहिला पक्षी आमच्यापासून वीस पावलांवर धप्पकन पडला. नर होता, लांब शेपटाचा, तांब्याच्या रंगाचा. हा मोराच्याच कुळातला, आणि पडलेला बघताना ते फार जाणवतं. मी तिळाकडे बघितलं नाही, त्याच्या पंजांकडे बघितलं. उजवा पंजा पुढे गेला. बोटं वाकली, गवतात काहीतरी चाचपून पाहिलं. तिथं काही नव्हतं. पंजा मागे आला.

शिंग वाजलं, हाका संपला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आधी त्या बाईंच्या म्हाताऱ्या कुत्रीनं आमच्या पुढ्यातला तो पक्षी नेला, आणि तिळानं बसून बघितलं. मग त्याला कुंपणापलीकडची एक मादी आणायला मिळाली. त्यानं ती हातात दिली तेव्हा पिसं कोरडी होती आणि एकही विस्कटलेलं नव्हतं. दिवसाच्या शेवटी सगळ्यांना एकेक जोडी वाटली, तशी मलाही मिळाली. मी ती शेजाऱ्यांना दिली. घरी येऊन आंघोळ केली. आईनं काही विचारलं नाही, फक्त माझ्याआधी कुत्र्याला खायला घातलं.

आईच्या परतीला आठवडा राहिला होता. एप्रिलमधलं, इथल्या मानानं चांगलं ऊन पडलं होतं. बर्मिंगहॅमहून आणलेली मेथी निवडायची होती आणि तिला खुर्चीवर बसून भाजी निवडता येत नाही. तिनं परसात पाट टाकला, त्यावर मांडी घातली, पुढ्यात वर्तमानपत्र पसरलं. तीळ झोपेतून उठून आला. पाटाकडे बघितलं, आईकडे बघितलं. एक फेरी मारली. मग तिच्या गुडघ्याशेजारी पाटाची जी चार बोटं कड मोकळी राहिली होती तिच्यावर पुढचे दोन पंजे ठेवले आणि उरलेला कुत्रा गवतात ठेवून बसून राहिला.

"अगं, याला सांग ना, दुसरीकडे बस म्हणून."

मी खिडकीतूनच म्हटलं, "तूच सांग."

ती सांगेना. तिनं जुडी बाजूला ठेवली, हात टेकून जरा सरकली, आणि पाट थोपटला.